दाढ एक, चकरा सात

नागपुरातल्या महाल भागातल्या एका वाचनालयात गेल्या महिन्यात आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. विषय होता दातांचे सरकारी उपचार. दोन तास बोलणं झालं आणि ते एकाच मुद्द्याभोवती फिरत राहिलं: सरकारी दवाखान्यात दात बघायचे पैसे घ्यावेत की घेऊ नयेत. एका बाजूचं म्हणणं, सगळं मोफत करा, गरिबाकडून दहा रुपये घेतानाही सरकारला जड गेलं पाहिजे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, फुकटाची किंमत राहत नाही, शुल्क वाढवा, गर्दी आपोआप कमी होईल. तळमळ दोन्हीकडे होती. मला मात्र कोणत्याच बाजूला बसता आलं नाही, कारण प्रश्नच चुकीचा मांडला जातोय असं माझं ठाम मत आहे. सरकारी दवाखान्यात दाताच्या उपचाराची खरी किंमत पावतीवर लिहिलेली नसते. ती चकरांमध्ये मोजावी लागते. एक दात वाचवायला माणसाला किती चकरा माराव्या लागतात, याचा हिशोब कोणी ठेवत नाही तोवर मोफत काय आणि सशुल्क काय, कष्टकऱ्याची दाढ उपटलीच जाणार.

मी दंतवैद्य नाही. महापालिकेच्या शाळेत शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. पण एका दाढेचा सगळा प्रवास मी जवळून पाहिला आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. भाऊ म्हणतो मी त्यांना. खालची दाढ किडली म्हणून ते शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात गेले. पहाटेच्या गाड्या उतरवून, बस धरून पोहोचेपर्यंत पावणेबारा झाले, चिठ्ठीची खिडकी बंद झालेली. ही पहिली चकर. दुसऱ्या वेळी चिठ्ठी मिळाली, तपासणी झाली, एक्स-रे लिहून दिला. एक्स-रेचे पैसे भरायची खिडकी वेगळ्या इमारतीत. पैसे भरून, रांग लावून फोटो हातात येईपर्यंत दुपारचा एक वाजला होता आणि ज्यांनी लिहून दिलं ते डॉक्टर ओपीडीतून उठले होते. उद्या या. तिसऱ्या दिवशी वेगळे डॉक्टर, त्यांनी पुन्हा सगळं पाहिलं, दाढ रूट कॅनाल करून वाचेल असं सांगितलं आणि चोवीस दिवसांनंतरची तारीख दिली. त्या तारखेला बीपी मोजलं तर वाढलेलं, म्हणून मेडिसिन विभागातून लिहून आणायला सांगितलं. पाचवी चकर मेडिसिनच्या ओपीडीची. गोळ्या सुरू झाल्या, आठवड्याने बीपी आटोक्यात आलं, पण सहाव्या वेळी कळलं की आधीची तारीख गेली, आता नवीन तारीख घ्यावी लागेल. त्याच आठवड्यात एका रात्री गाल सुजला. सातव्या चकरेला भाऊ मला म्हणाले, “सर, येणं-जाणं होत नाही आता आपल्यानं. काढूनच टाका म्हणा.” दहा मिनिटांत दाढ ट्रेमध्ये पडली होती.

सातपैकी तीन चकरांना मी त्यांच्यासोबत होतो आणि एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे: कोणीही वाईट वागलं नाही. एका शिकाऊ डॉक्टर मुलीने तर भाऊंना चक्कर आल्यावर स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. बीपी तपासणं बरोबर होतं. एक्स-रे लागणारच होता. खिडकीवरचा कर्मचारी त्याला दिलेल्या वेळेनुसारच खिडकी लावत होता. प्रत्येक पायरी आपापल्या जागी रास्त होती आणि सगळ्या मिळून एक दाढ गेली. आता हिशोब पाहा. सातही दिवसांच्या पावत्या जोडल्या तर दोनशे रुपयांच्या आत. भाऊंची हमाली दिवसाला सातशेच्या आसपास, काही दिवस अर्धे भरले असं धरलं तरी साडेतीन-चार हजारांचा फटका. सगळं मोफत केलं असतं तर त्यांचे दोनशे रुपये वाचले असते. दाढ वाचली असती का?

मोफत उपचाराचं महत्त्व मी कमी करत नाही. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या रुग्णालयांमध्ये तपासणी आणि उपचार मोफत केले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी होता. मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि १९६८ पासून विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या माणसांचे दात पाहणारं शासकीय दंत महाविद्यालय, ही सगळी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. शहरातले दवाखाने महापालिकेकडे. कामठी-सावनेरच्या बाजूची प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे. माणसाचं तोंड एक आणि त्यावर हक्क सांगणारी खाती चार. एका ठिकाणी पाहिलेलं दुसऱ्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं जातं, कारण तिथली चिठ्ठी इथे चालत नाही. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. त्यातून जिल्हा रुग्णालयं आणि त्याखालच्या संस्थांना दातांची खुर्ची, माणसं आणि साहित्य यांसाठी मदत मिळते. नागपूरच्या माणसाचे पाय मात्र पिढ्यान्‌पिढ्या मेडिकलकडेच वळतात. पैसा एका दारातून आत येतो, रुग्ण दुसऱ्या दारात उभा असतो.

विम्याच्या योजनांचंही तेच. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुल्यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना मुळात भरती होणाऱ्या रुग्णाभोवती बांधलेली आहे. जबड्याचं हाड मोडलं, तोंडाचा कॅन्सर झाला तर ती धावून येते आणि तिने घरंच्या घरं वाचवली आहेत. पण दाढ भरायला कोणी भरती होत नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला म्हणून कोणी खाटेवर झोपत नाही. म्हणजे आजार वाढून ऑपरेशनपर्यंत पोहोचला की शासनाची थैली मोकळी, आणि तो खिडकीपाशी थांबवता येत होता तेव्हा माणसाने स्वतःची मजुरी बुडवायची. ही रचना कोणी मुद्दाम केली नसेल, पण ती बदलायची जबाबदारी तर कोणाची तरी आहे.

माझ्या विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा वाचनालयात एका तरुण दंतवैद्याने मांडला आणि तो मला मान्य आहे. दंत महाविद्यालय ही आधी शाळा आहे, असं ते म्हणाले. विद्यार्थी हळू काम करतो, प्रत्येक टप्प्यावर शिक्षक तपासतात, एका बैठकीत रूट कॅनाल उरकण्याची घाई केली तर चुका होतील. शिवाय काही उपचारांना मुळातच दोन-तीन बैठका लागतात. अगदी खरं. मी शिक्षक आहे, शिकणाऱ्याला वेळ द्यावा लागतो हे मला कोणी सांगायला नको. पण भाऊंच्या सात चकरांमधल्या शिकण्यासाठी गेलेल्या किती? एकही नाही. ज्या हाताने रूट कॅनाल शिकायचं होतं त्या हातापर्यंत दाढ पोहोचलीच नाही. उपचाराची चकर वेगळी आणि खिडकीची चकर वेगळी. पहिली डॉक्टर ठरवतो, दुसरी नियम ठरवतो आणि नियम एका परिपत्रकाने बदलता येतो. एक्स-रेचे पैसे चिठ्ठीसोबतच भरता आले, बीपी चिठ्ठीच्या खिडकीजवळच मोजलं गेलं, मेडिसिनकडे पाठवलेल्या माणसाची तारीख त्याच्या नावाने राखून ठेवली आणि आठवड्यातून दोन दिवस ओपीडी संध्याकाळी चालली, तर भाऊंच्या चार चकरा वाचल्या असत्या. यासाठी नवी इमारत लागत नाही.

दुसरा मुद्दा गर्दीचा. मोफत आणि सोपं केलं की झुंबड उडेल, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने इतिहासाचा मोठा दाखला आहे. इंग्लंडमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा कवळ्या आणि चष्मे मोफत होते. मागणी इतकी आली की सगळे अंदाज कोलमडले. १९५१ मध्ये सरकारने दोन्हींवर शुल्क लावलं आणि ज्यांनी ही सेवा उभी केली त्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हे खरं असलं तरी त्या गर्दीकडे नीट पाहायला हवं. पन्नास वर्षं दात नसलेल्या तोंडाने जेवणारी माणसं पहिल्यांदा दारात आली होती. त्या मागणीला हाव म्हणायचं की थकलेलं देणं? आणि शुल्क लावल्यावर जो माघारी गेला तो गरज नसलेला होता की पैसे नसलेला?

त्याच देशाने पुढे आणखी एक धडा दिला आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. २००६ साली तिथे दंतवैद्यांचा मोबदला कामाच्या एककांवर ठरू लागला. एक दात भरला काय आणि सहा भरले काय, २०२२ पर्यंत एककं तेवढीच मिळायची. परिणाम व्हायचा तोच झाला. ज्याचं तोंड जास्त बिघडलेलं त्याला घ्यायला दंतवैद्य कचरू लागले, आणि आज तिथल्या कित्येक गावांत सरकारी दंतवैद्य मिळणं मुश्कील आहे. शासन जे मोजतं तेच यंत्रणेच्या हातून घडतं. आपल्याकडे काय मोजलं जातं? ओपीडीचा आकडा, काढलेले दात, भरलेले दात. या मोजणीत भाऊंच्या सात चकरा म्हणजे चांगली भरलेली ओपीडी आणि वर एक यशस्वी दात काढणी. कागदावर सगळं उत्तम. वाचवता आली असती अशी एक दाढ गेली, याची नोंद कुठेच नाही. म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाही, रजिस्टरमधल्या दोन रकान्यांची आहे: दात वाचवायचा उपचार किती जणांना सुचवला आणि त्यातल्या किती जणांचा तो पूर्ण झाला. हे दोन आकडे दर महिन्याला दवाखान्याच्या दारावर लावा. उरलेला वाद त्यानंतर करू.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो समंजस माणसांकडून येतो. विदर्भात सिकलसेल आहे, कुपोषण आहे, बाळंतपणात बायका दगावतात. अशा वेळी दातांवर पैसा कशाला? प्राधान्य ठरवावं लागतं हे मान्य. पण डोळ्यांसाठी आपण १९७६ सालीच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. तेव्हा देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. मोतीबिंदूने माणूस मरत नाही म्हणून कोणी तो थांबवला नाही. गावपातळीवर डोळे तपासायला नेत्रतज्ज्ञच हवा असाही हट्ट धरला नाही, प्रशिक्षण दिलेली माणसं आरोग्य केंद्रांवर बसवली. तोंडाच्या बाबतीत आपण जवळपास चाळीस वर्षं उशिरा निघालो आणि अजूनही दंतवैद्य मिळेपर्यंत काहीच करायचं नाही अशा थाटात बसलो आहोत. न्यूझीलंडने १९२१ सालीच शाळकरी मुलांचे दात भरण्यासाठी परिचारिका तयार करायला घेतल्या होत्या. काही दंतवैद्यांना काळजी वाटली, ती स्वाभाविक होती, पण मुलांचे दात भरले गेले. आपल्या १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दात साफ करणारा प्रशिक्षित मदतनीस, हा वर्ग पहिल्यापासून होता. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं उभी राहिली, दरवर्षी हजारो पदवीधर बाहेर पडतात, त्यातले कित्येक काम शोधत फिरतात, आणि वस्तीतल्या दवाखान्यात तोंडात डोकावून पाहणारं कोणी नसतं.

साधनांची अडचणही सांगतात तेवढी मोठी नाही. ऐंशीच्या दशकात टांझानियात एक पद्धत विकसित झाली: वीज नाही, ड्रिल नाही, हाताच्या अवजारांनी कीड खरवडायची आणि ग्लास आयनोमर सिमेंट भरायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे सिमेंट, कीड थांबवणारं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि फ्लोराइडची टूथपेस्ट यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. म्हणजे पॅरासिटामॉल ज्या यादीत आहे त्याच यादीत. मग ‘आपला दवाखाना’ आणि ‘आरोग्य मंदिर’ या वस्तीतल्या छोट्या सरकारी दवाखान्यांमध्ये ही तीन साधनं आणि ती वापरणारा एक शिकलेला माणूस का असू नये? सगळ्या दाढा मेडिकल चौकात नेल्या तर रांग लागणारच.

आणि आता तंबाखू-सुपारीचा खर्रा. नागपुरात तोंडाच्या आरोग्यावर बोलताना खर्रा टाळता येत नाही. “स्वतःच्या हाताने तोंड खराब करतात, त्यांच्यावर सरकारने का खर्च करायचा?” हा प्रश्न वाचनालयात तीनदा आला. मी त्यांना माझ्या नववीतल्या एका मुलाबद्दल सांगितलं. शाळेच्या सहलीला सकाळी पोहे होते. वाटी घेऊन मुलं तर्रीसाठी, म्हणजे पोह्यांवरच्या तिखट रश्श्यासाठी, रांगेत उभी होती, हा बाजूला कोरडे पोहे खात बसला. नागपूरचा पोरगा आणि तर्री नको म्हणतो? मी विचारलं तर म्हणाला, “आग होते सर तोंडात.” संध्याकाळी पाणीपुरीच्या गाडीवर पाहिलं, तो पुरी तोडून, दोन घासांत खात होता. तोंड उघडतच नव्हतं. मी त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, दोनसुद्धा कष्टाने गेली. बाराव्या वर्षापासून खर्रा खात होता. पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून मिळतो, लहान मुलाला कोणी नाही म्हणत नाही. सुपारीने कॅन्सर होतो हे कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी शाळेच्या कोपऱ्यावरचा ठेला सुरू. बाराव्या वर्षी त्या मुलाने स्वतःच्या हाताने तोंड खराब केलं म्हणायचं, तर त्याच्या हातात पन्नी ठेवणारे मोठे हात कोणाचे होते?

विदर्भाने हा वाद पूर्वी एकदा पाहिला आहे. महारोग झालेल्या माणसाला त्याच्या पापाचं फळ म्हणून गावाबाहेर बसवलं जायचं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं तेव्हा दोष कोणाचा हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. पुढे १९८३ पासून बहुविध औषधोपचाराचा कार्यक्रम आला, कर्मचारी घरोघर फिरून चट्टे शोधू लागले. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा पाहू, असं म्हटलं असतं तर बोटं झडल्यावरच तो आला असता. तोंडातला चट्टाही तसाच दुखत नाही. आणि घरोघर जाऊन तोंड पाहण्याने माणसं वाचतात, याला पुरावा आपल्याच देशात आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम भागात प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी टॉर्चच्या उजेडात लोकांची तोंडं तपासली. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांनी “स्वतःच्या हाताने” बिघडवलं म्हणतो, नेमकी तीच माणसं वाचली.

आपल्याकडे आशाताई घरोघर जो फॉर्म भरतात त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, पांढरा-लाल चट्टा आहे का, हे प्रश्न आहेत. पण तो फॉर्म तीस वर्षांवरच्यांसाठी. जिथे खर्रा बाराव्या वर्षी सुरू होतो तिथे तिशीची अट म्हणजे अठरा वर्षं आपण डोळे मिटून बसायचं. ही अट राष्ट्रीय आहे, तिला शास्त्रीय कारणं आहेत, देशभर पाहता ती योग्यही असेल. पण नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीसाठी ती खाली आणायला राज्याला कोण अडवतं? शाळेत मुलांची तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी २०१३ पासून येते. किडलेले दात त्यांच्या यादीतच आहेत. डॉक्टर येतात, मनापासून पाहतात आणि मुलाच्या हातात चिठ्ठी देतात: दंतवैद्याला दाखवा. वर्गाच्या केरात अशा घड्या घातलेल्या चिठ्ठ्या मी कितीदा उचलल्या आहेत. मुलाची आई चार घरी भांडी घासते, बाप ऑटो चालवतो. नेणार कोण, कधी? त्या चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि खोली लिहिलेली असती, शाळेतली दहा मुलं एकाच दिवशी एका शिक्षकासोबत गेली असती, तर तिला अर्थ होता. मी स्वतः दोनदा अशी मुलं घेऊन गेलो. दोन्ही वेळा दवाखान्याने सांभाळून घेतलं, पण ते माणसांच्या चांगुलपणावर झालं. नियमात त्यासाठी जागा नव्हती, आणि मी निवृत्त झाल्यावर ते थांबलं.

परवा भाऊ पुन्हा भेटले. दुसऱ्या बाजूच्या दाढेला थंड पाणी लागतं म्हणाले.

“मग दाखवायला जाऊ,” मी म्हटलं.

“जाऊ ना सर. पण या वेळी पहिल्याच दिवशी काढायचं सांगतो. सात-सात दिवस कोण देते आपल्याला?”

नुसतं थंड लागतंय, रात्री ठणकत नाही, म्हणजे बहुतेक ती अजून भरून वाचण्यासारखी आहे. सोमवारची हमाली सोडायला मी त्यांना कसंबसं तयार केलं आहे. सकाळी साडेआठला आम्ही खिडकीवर उभे असू.